उचकटलेलं दार

हंबीररावनं पहारीचं टोक बिजागरीखाली घालून जोर लावला, तशी दाराची चौकट करकरली. आत बाजेवर स्वप्नालीनं पोराला पदराखाली ओढलं. बाळंत होऊन तिला आठवडाही झाला नव्हता. कळंब्याच्या तळ्यावरून माघातला वारा संध्याकाळी असा सुटतो की धडधाकट माणसाला हुडहुडी भरते, आणि हिच्या कानाला नुसता एक फडका बांधलेला.

भाडं वेळेवर पोचत होतं. भांडणही कधी झालं नव्हतं. पण पोर दवाखान्यात पोचायच्या आधी इथंच, हंबीररावनं भाड्यानं दिलेल्या खोलीत जन्मलं आणि त्याची झोप उडाली. आता जन्मदाखल्यावर ह्या घराचा पत्ता येणार, नाळ घरामागच्या परड्यात पुरली म्हणजे मूळ धरलं, उद्या हे कूळ म्हणून हक्क सांगत बसतील, असं चौकातल्या चार शहाण्यांनी त्याला पटवून दिलं होतं. दर अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलणाऱ्या माणसाला तेवढं बस झालं.

सव्वा महिना होऊ दे, आपणहून जातो, म्हणून कृष्णातनं हात जोडले. बायकोला आणि पोराला वारं लागेल, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. ऐकत नाही म्हटल्यावर त्यानं दार दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

पहार त्याच्या बोटांवर बसली. पुन्हा बसली. हाड मोडल्याचा आवाज बाजेपर्यंत गेला आणि स्वप्नाली किंचाळली. कृष्णात हात पोटाशी धरून उंबऱ्याशी कोसळला. हंबीररावनं त्याच्या अंगावरून वाकून उरलेली बिजागरी उचकटली आणि दार अंगणात फेकलं. गल्लीतली माणसं आपापल्या दारात उभी होती. एकही पुढं आला नाही, आणि ह्याची त्यांना लाजही वाटली नाही.

तेवढ्यात हंबीररावची आई, धोंडुबाई, कोमट तेलाची वाटी घेऊन आली. स्वप्नालीचं बाळंतपण तिनंच केलं होतं, पोराला रोज तेल लावून न्हाऊ घालायलाही तीच यायची. ती आडवी आली म्हणून हंबीररावनं तिला खांद्यानं ढकललं. तिचं कपाळ चौकटीवर आपटलं आणि भुवईवरून रक्ताची धार लागली.

म्हातारी रडली नाही. शेजारच्या आकारामला तिनं दरडावलं, बघत काय उभा राहिलास, कृष्णातला न्यायला रिक्षा आण. मग वाटी उंबऱ्यावर ठेवून ती दारात बसली. पाठ चौकटीच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. तिचा पदर वाऱ्यानं फडफडत होता.

"आई, ऊठ," हंबीरराव म्हणाला. त्यानं पहार पुन्हा उचलली होती. "ह्यांच्या पोराची नाळ तूच परड्यात पुरलीस. उद्या घर गेलं म्हंजे?"

धोंडुबाईनं डोळ्यात उतरलेलं रक्त पदरानं पुसलं.

"तुजी जयसिंगपुरात पुरलीया. भाड्याच्या खोलीत. जा, आदी ती खोली ताब्यात घिऊन ये. मग मला उठीव."

पहार त्याच्या हातात तशीच राहिली. धोंडुबाईनं मागं न बघता वाटी आत सरकवली आणि तेल निवायच्या आत पोराला लाव म्हणून स्वप्नालीला सांगितलं.