बरी झालेली बाई

नव्या केंद्राची फीत नेहमीप्रमाणे इठाबाईच कापणार होती. डॉ. कुमुद शेटेंनी झाडाखाली दवाखाना मांडला, तेव्हा क्षयातून उठलेली ती पहिली पेशंट. पुढे संस्था वाढली. गावोगावी केंद्रं झाली, बचतगट झाले, फिरता दवाखाना आला. प्रत्येक उद्घाटनाला इठाबाई हवीच. ती नुसती उभी राहिली की भाषणाची गरज उरत नसे, आणि देणगीदारांचे हात आपोआप खिशाकडे वळत.

आज कात्री हातात घेतली आणि तिला खोकल्याची उबळ आली. तिनं पदर तोंडावर दाबला, तो लाल झाला.

"इठाबाई, हे कधीपासून?"

"मागल्या सालच्या उद्घाटनापास्नं, डाक्टरीणबाई. तुमच्या हापिसातल्या पोरींना म्हनलं, बाईंना दावा मला. तर म्हनल्या, आजी, तू बरी झालेली हाईस. तूच खोकलीस तर लोक काय म्हनतील? खडीसाखर दिली, तोंडात धरायला."

त्या उद्घाटनाला कुमुदताईंनी तिला नवं लुगडं नेसवलं होतं, शेजारी उभं राहून फोटो काढला होता. तपासलं मात्र नव्हतं. बऱ्या झालेल्या माणसाला कोण तपासतं?

स्टेथोस्कोप जवळ नव्हता. हल्ली त्या तो बाळगतच नसत. त्यांनी सरळ इठाबाईच्या पाठीला कान लावला.

मंडपाला वाटलं, ताईंनी मिठी मारली. टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की आत छातीत काय घरघरतंय ते त्यांना ऐकूच येईना.