काकांचा अंगठा

"काकू, थांबा जरा. लॅपटॉपला अंगठ्याचं यंत्रच सापडत नाहीये," मी वैतागून म्हणालो. पलंगावर सोनटक्केकाका डोळे मिटून कण्हत होते. त्यांना उठवत नव्हतं, म्हणून पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रातून मलाच घरी बोलावलं होतं. आजची शेवटची तारीख.

मी वायर काढली, फुंकर मारली, दुसऱ्या पोर्टमध्ये घातली. तेच. लॅपटॉप बंद करून चालू केला. पुन्हा तेच. शेवटी सगळं सॉफ्टवेअर नव्याने टाकायला घेतलं. तेवढा वेळ काकू काकांचा अंगठा पदराने पुसत राहिल्या.

एकदाचा यंत्राचा लाल दिवा लागला. आधी माझा अंगठा ठेवून पाहिला, लगेच उमटला. काकांचा उमटेना.

"केसांवर घासा. तेल लागलं की येतो," मी सवयीने सांगितलं. काकूंनी तो अंगठा स्वतःच्या पांढऱ्या केसांवरून हलकेच फिरवला. तरी नाहीच.

"द्या इकडे, मी दाबतो."

काकांचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. तो हात पदराखाली झाकत त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही आलात तेव्हा गरम होता हो."