दोन मिस कॉल

फोन दुसऱ्यांदा वाजून थांबला आणि सुकन्याच्या हातातला पेन वहीवरच राहिला. तिने तिसऱ्याची वाट पाहिली. तिसरा काही आला नाही.

साडेदहाला पेपर, आणि दहा वाजून पाच मिनिटं झालेली. नगरमधल्या कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून ती शेवटची गणितं घोटत होती. पाठवलेला संदेश वाटेत बिघडला तर ते कसं ओळखायचं, कसा दुरुस्त करायचा, असा हा विषय. बाकीचे सगळे कधीच सुटले होते, हाच एक मेला हात धुऊन मागे लागला होता. या खेपेला गेला की मुदत संपली, पदवी कायमची गेली.

तिने उलटा फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. टोळीच्या मुकादमाला लावला, तोही बाहेरच.

तिची आई रंगुबाई तिकडे राहात्याजवळ ऊसतोडीच्या तळावर होती. सोबत थोरली रेश्मा, नववा लागलेली. दोघी बहिणींचं रक्त ओ निगेटिव्ह, पंचक्रोशी पालथी घातली तरी सापडायचं नाही असलं. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर धाकटीला तडक बोलवा, असं डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं होतं. आणि तळावर रेंज कसली, तर बोलायला जावं आणि शब्दांचे तुकडे व्हावेत. वाजलेलं तेवढं पोचायचं. म्हणून टोळी निघताना सुकन्यानेच आईला खुणा ठरवून दिल्या होत्या. एक मिस कॉल म्हणजे बरं आहे, दोन म्हणजे सवडीनं फोन कर, तीन म्हणजे असशील तशी निघून ये. इंजिनिअर बाई ना! काय फुशारली होती तेव्हा.

रंगुबाईला रिंग गेली की नाही ते कळायचं नाही. ती आपली बटण दाबायची, मनात दहा मोजायची आणि फोन कनवटीला लावायची.

आज सकाळी सुकन्याने स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिलं होतं, की दोन खुणांमध्ये एकाच चुकीचं अंतर कधी ठेवू नये. ठेवलं तर एका चुकीसरशी एक खरी खूण दुसरी खरी खूण होऊन बसते, आणि घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तिसरा कॉल वाटेत गळला की ‘निघून ये’चं ‘सवडीनं कर’ होतं. पहिल्याच धड्यात शिकवतात ही चूक, आणि हिने ती सख्ख्या बहिणीच्या जिवावर केली होती.

रडून काय होणार होतं? तिने समासात आकडे मांडले. तिनातला एक कॉल गळतो, हा सगळ्या हिवाळ्याचा अनुभव. आईने दोनच केले आणि दोन्ही पोचले, तर शक्यता नवातली चार. तीन केले आणि त्यांतला कुठलाही एक गळला, तर? तिने मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. तेही नवातली चारच. पाच वर्षांत पहिल्यांदा गणित अचूक आलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

राधाकृष्ण सर जिना चढत होते. सगळ्यांनी हात टेकले तरी या एका माणसाने तिला शिकवायचं सोडलं नव्हतं. तिने वही त्यांच्यापुढे धरली.

“सर, दोन्ही बाजू सारख्याच आल्या तर काय धरायचं?”

सरांना वाटलं, पोरीची शेवटची शंका. ते खूश झाले.

“मग पाठवणारा कोण ते बघायचं. एरवी तो काय पाठवतो, केव्हा पाठवतो. निकाल तिथं लागतो. येतंय की तुला सगळं.”

मोबाईल बाहेर ठेवायची आठवण करून देऊन ते वर गेले.

पाठवणारा कोण? फडात विंचू चावला तर पायाला फडकं आवळून मोळ्या पुऱ्या करणारी बाई. रविवारी बाजाराला आली होती तेव्हा फोन नीट लागला होता. सोमवारी सकाळी पेपर आहे, दुपारपर्यंत वाजवू नकोस, असं सुकन्याने तिला चार वेळा बजावलं होतं. न्हाई वाजवत, ती म्हणाली होती, देवाला बी सांगते तवर गप ऱ्हा. ती बाई ‘सवडीनं फोन कर’ म्हणायला दहा वाजता वाजवणार होती होय?

घंटा झाली. पोरं वर पळाली. हॉलतिकीट वहीत घालून सुकन्या एसटी स्टँडकडे धावत सुटली, आणि रस्ताभर ओक्साबोक्शी रडली.

राहुरी मागे पडल्यावर फोन लागला. रंगुबाई रेश्माला घेऊन नुकतीच दवाखान्यात पोचली होती. सुकन्याने बसमध्ये असल्याचं सांगितलं.

“आन् प्येपर?”

“राहू दे. अक्का कशी आहे?”

“हाय अजून. तुझ्याच वाटंकडं डोळं लागल्यात समद्यांचं.”

सुकन्याने खिडकीची दांडी घट्ट धरली. विचारू नये असं वाटत असूनही तिने विचारलं.

“आई, तू तीन केलेस ना गं? मला दोनच आले.”

“पहाटंपासनं करतीय, बाई. तीन केले, तू काय आली न्हाईस. म्हनून परत तीन केले. मंग मोजायचंच सोडलं.”