उजवा खांदा

कपडा अंगावर असताना त्याला टाका घालू नये, हे शिंप्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं होतं. आणि आज दुकानाच्या ट्रायल रूममध्ये, कडी लावून, आरशात बघत त्यानं स्वतःच्या अंगावरच कोटाला कच्चे टाके घातले. व्हायचं तेच झालं. कोट, आतला सदरा आणि सदऱ्याखाली उजव्या खांद्यावर पट्ट्यांनी बांधलेली कापसाची गादी, तिन्ही एकाच दोऱ्यात शिवली गेली. सुई हातून निसटून पाठीमागे लोंबत राहिली. कोट निघेना, सदराही निघेना.

खोली जेमतेम तीन फुटांची. भिंतीला टेकलं की कोटाला लावलेल्या टाचण्या टोचत. कात्री बाहेर टेबलावर.

बाहेर सून होती, मशीनवर जुना कारागीर होता आणि एक गिऱ्हाईक बाई. हाक मारली की कुणीतरी येणार, आणि आलं की गादी दिसणार. त्याचा लहानपणापासून उतरलेला उजवा खांदा बायकोशिवाय कुणी पाहिला नव्हता. गादी तीच भरून द्यायची. ती असती तर एक शब्द न बोलता दोरा तोडून मोकळी झाली असती. पण तिला जाऊन चार वर्षं झाली होती. आणि उद्या सत्कार होता, पन्नास वर्षांच्या शिवणकामाचा, भरल्या सभागृहात. हा कोट त्यासाठीच.

त्यानं डोळे मिटले. रोज दुकान उघडताना तो असाच उभा राहायचा आणि एकच मागायचा, देवा, एवढा खांदा सरळ कर. आज मागणं लहान होतं. देवा, एवढा दोरा तुटू दे.

दोरा कसला तुटतोय. त्यानंच पारखून आणलेला होता.

"मी ही अशी बेढब," बाहेर बाई सुनेला सांगत होती. "पोट दिसणार नाही असं काहीतरी शिवा."

"आमचे बाबा म्हणतात, अंग देवानं बेतलंय, आपण फक्त कापड बेतायचं," सून म्हणाली.

"फार श्रद्धा दिसते हो त्यांची."

आरशातला चेहरा लाल झाला. हे वाक्य त्यानं हजारो गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्याला लाज वाटली, आणि या वेळी ती खांद्याची नव्हती. ज्या देवाच्या कामाचे गोडवे तो दिवसभर गायचा, त्याच्याच कामात रोज सकाळी खोट काढत होता.

"सूनबाई," त्यानं कडी काढली. "कात्री आण. टेपही आण."

ती आली. तिनं गादी पाहिली आणि दोरा तोडला. कोट उतरला, सदरा उतरला, गादीच्या पट्ट्या सुटल्या. शिंपी बनियनवर उभा राहिला.

"हा कोट उसव. नव्यानं माप घे."

"सरळ उभे राहा, बाबा."

"तेच तर जमत नाही गं."

दोघंही हसली. सुनेनं टेप लावला. दुकानाची रीत अशी, की आत माप घेणाऱ्यानं आकडा मोठ्यानं सांगायचा आणि बाहेर कारागिरानं वहीत उतरवायचा. अंगात काही उणं असेल तर मात्र बाहेर जाऊन त्याच्या कानात सांगायचं. ही रीत शिंप्यानंच घातली होती.

छाती झाली, बाही झाली. खांदा मोजून सून दाराकडे वळली.

"कुठे निघालीस?"

"कानात सांगून येते."

"इथूनच सांग."

ती क्षणभर घुटमळली. मग दाराकडे तोंड करून म्हणाली, "उजवा खांदा, दीड इंच खाली."

बाहेर पेन्सिल थांबली. बाईनं मान वळवून दाराकडे पाहिलं.

"लिहिलं," कारागीर म्हणाला. "नाव कुणाचं घालू?"

सुनेनं सासऱ्याकडे पाहिलं. तो तिच्या बाजूनं पुढे सरकला आणि तसाच, बनियनवर, दारात जाऊन उभा राहिला.

"माझं घाल."