पापण्या नॉर्मल

“नटायचंय? हिला?” ड्रायव्हरने टेबलावर अशी थाप मारली की डॉक्टरांचं पेन टुणकन उडून खाली पडलं. “अहो, आजी झालीय ही! या वयात डोळे टपोरे करून कुणाला दाखवायला जाणार आहे?”

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरची नजर काही काढली नाही. “नटायचंय असं मी म्हणालो नाही. पापण्यांचं ऑपरेशन नुसतं दिसण्यासाठी असेल तर ते कारखान्याच्या योजनेत बसत नाही. नजरेला अडथळा असेल तर बसतं. मशीन सांगतंय, अडथळा नाही. दोनदा तपासलं. दोन्ही वेळा नॉर्मल.”

“मशीनच्या नानाची टांग!”

“अहो, हळू,” शेजारी बसलेल्या बायकोने त्याची बाही ओढली.

हळू कसलं डोंबलाचं! त्याचं चुकलं काय? त्याची बायको बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला. उजेडाच्या पडद्यासमोरून काचेच्या बाटल्या सरकत जातात. कुठे तडा, बुडबुडा, वाकडा गळा दिसला की ती बाटली उचलून बाजूला टाकायची. आख्ख्या खात्यात तिच्यासारखी नजर कुणाची नव्हती. आणि त्या बाईला मुकादमाने सगळ्यांदेखत सुनावलं, “झोपा काढायच्या तर घरी जाऊन काढा.” ती म्हणाली, झोपले नव्हते, पापण्याच खाली उतरतात. मुकादम म्हणाला, मग त्या वर करून आणा, महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर दुसरी बाई घेतो. दुसरी बाई! जशी काही फुटकी बाटलीच बदलायची होती.

तिचे अर्धे मिटलेले डोळे घरी ड्रायव्हरनेही पाहिले होते म्हणा. संध्याकाळी तो गप्पांना बसला की समोर तिच्या पापण्या अर्ध्यावर. “मी तोंड उघडलं की हिला झोप येते,” असं तो आल्यागेल्याला हसून सांगायचा. मुकादमाने अपमान केला, ती घरी येऊन रडली, तेव्हा कुठे त्याला कळलं की ही झोप नव्हतीच. तेव्हापासून त्याचं डोकं फिरलं होतं.

“ते मशीन ठेवा बाजूला,” तो डॉक्टरांना म्हणाला. “माणसाकडे बघा. एकदा तरी माझ्या बायकोच्या तोंडाकडे बघा. हात जोडतो.”

डॉक्टरांनी उसासा टाकला, खुर्ची मागे सारली आणि बॅटरी घेऊन ते तिच्यासमोर वाकले. डोळ्यावर उजेड धरला. मग आणखी जवळ गेले. पापणीच्या वर त्यांनी नखाने काहीतरी खरवडलं, आणि त्यांच्या चिमटीत एक बारीकशी पारदर्शक पट्टी आली. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढावं तशी पापणी खाली उतरली. दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी निघाली, तिकडेही तेच. बायकोने हनुवटी वर केली आणि उरलेल्या फटीतून डॉक्टरांकडे पाहिलं.

“हे काय आहे?”

“चिकटपट्टी,” ती ओशाळून म्हणाली. “कामासाठी लावते. घामाने सुटते कधीकधी. मुकादमाने पाहिलं ते तेव्हाच.”

“मशीनवर तपासलं, तेव्हाही हीच होती?”

“छे छे, नवी लावली होती की!” ती घाईघाईने म्हणाली. “डॉक्टरांपुढे असं पेंगुळल्या तोंडाने कसं बसायचं?”

डॉक्टरांचे कान लाल झाले. ड्रायव्हर मात्र ताडकन उभा राहिला. “दोनदा! दोनदा हातभर अंतरावर बसून गेली ही, आणि तुम्हाला तोंडावरची पट्टी दिसली नाही? मी अशी बस चालवली असती तर रोज एक माणूस चाकाखाली गेला असता. तुम्हाला मशीन कशाला हवं डॉक्टर? आधी चष्मा घ्या!”

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. ते तिला स्वतः शेजारच्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेले. मशीनवर हनुवटी टेकवून बसवलं, या वेळी पट्टीशिवाय. ठिपका दिसला की बटण दाबायचं. वरच्या बाजूचे ठिपके चमकून गेले, तिचं बोट हललंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, “माझं चुकलं. ऑपरेशन योजनेतूनच होईल, आणि याच आठवड्यात. कारखान्याला मी कळवतो, तुमचं काम कुठे जात नाही.”

लढाई जिंकली, तरी ड्रायव्हरच्या तोंडाचा पट्टा काही थांबेना. व्हरांड्यातले पेशंट माना वळवून बघत होते. “आंधळे लेकाचे! मुकादम आंधळा, डॉक्टर आंधळा. समोर बसलेलं जितंजागतं माणूस दिसत नाही यांना!” बायको हनुवटी वर करून, त्याचा दंड धरून, पाय चाचपत पायऱ्या उतरत होती.

शेवटच्या पायरीवर तो थबकला. “पण काय गं, ही पट्टी तू लावतेस तरी कधीपासून?”

“थोरलीच्या लग्नापासून.”

“थोरलीच्या? अगं, तिचा मुलगा शाळेत जायला लागला! आणि मला पत्ता नाही? माझ्यापासून लपवून लावायचीस होय?”

“लपवू कशाला?” दिवसभरात पहिल्यांदाच बायकोचा आवाज चढला. “रोज सकाळी तुम्ही दाढी करता ना, तेव्हा त्याच आरशात बघून लावते. तुमच्या शेजारी उभी राहून.”