सहावी सीडी

चौथी सीडीही गाडीने तोंडातून बाहेर टाकली, तेव्हा थोरलीने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. शेजारच्या सीटवर बाबा शांत बसले होते. स्टिरिओच्या छोट्या पडद्यावर ‘एरर’ उमटलं होतं. चार दिवसांत त्यात नवीन काही उरलं नव्हतं.

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची,” बाबा म्हणाले. आवाज खरखरीत, घशात वाळू अडकल्यासारखा. “चार गोष्टी एकदम बदलल्या, तर खोट कुठे होती ते कधीच कळत नाही.”

चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाचा हा नियम. घरचा मिक्सर बिघडला तरी तो पाळला जाई आणि आईचा स्वयंपाक खोळंबून राही.

पण या वेळी खोळंबायला सवड नव्हती. बाबांच्या गळ्यातली गाठ वाईट निघाली होती आणि स्वरयंत्रच काढून टाकायचं ठरलं होतं. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता. बुधवारची तारीख हुकली होती, पुढची सोमवारची होती. आता चालढकल केलीत तर माझ्याकडे बोट दाखवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. बाबांची मात्र अट होती. माझी बडबड आधी हिच्या गाडीत लागू दे, मग खुशाल गळा कापा.

बडबड म्हणजे सकाळची. अकरा वर्षं थोरली कचेरीत जाताना बाबांना त्यांच्या दुकानावर सोडत असे आणि वाटभर बाबांचं तोंड चालू असे. गिऱ्हाइकांच्या फजित्या, शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या, पुढच्या ट्रकवाल्याला कधीच ऐकू न जाणाऱ्या शिव्या. घरी बोलायला आई होती, पण गाडीत पोरगी एकटी पडेल, हे बाबांच्या मनाने घेतलं. रविवारी घोटघोट पाणी पीत त्यांनी तासभर सगळं रेकॉर्ड करून दिलं. थोरलीने घरच्या कॉम्प्युटरवर त्याची सीडी केली. कॉम्प्युटरवर ती झकास लागायची. गाडीत मात्र हूं की चूं नाही. बाजारातून आणलेली गाण्यांची सीडी तिथे व्यवस्थित वाजे, म्हणजे स्टिरिओलाही नावं ठेवायची सोय नव्हती.

स्टिरिओवाल्याकडे ती पहिल्याच दिवशी जाऊन आली होती. त्याने बोटांवर मोजून कारणं सांगितली. नुसत्या फायली भरू नका, गाण्यांच्या सीडीसारखी करा. वेग कमी ठेवा. वर कागद चिकटवू नका. स्टिरिओचं भिंग पुसून घ्या. कोरी सीडी हलकी आणू नका. आणि शेवटी सीडी बंद करायची चौकट येते, तिथे खूण करा. ती राहिली तर घरचा कॉम्प्युटर सीडी वाचतो, गाडी वाचत नाही. थोरलीने घरी येऊन ही यादी बाबांना वाचून दाखवली. शेवटच्या ओळीपाशी म्हणाली, “हे तर मी पहिल्यापासून करतेय.” बाबांनी त्या ओळीवर काट मारली.

मग रोज संध्याकाळी एक बदल, एक सीडी. वेग कमी केल्यावर एकेका सीडीला अर्धा तास लागू लागला. तेवढा वेळ दोघं कॉम्प्युटरसमोर खुर्च्या टाकून बसत आणि आई चहा घ्या म्हणून आतून हाका मारून थके. बोलताना बाबांना त्रास होई, तरी ते गप्प बसत नसत. थोरली दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून शिणून येई. एरवी घरी आल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. या आठवड्यात मात्र ती प्रश्नावर प्रश्न विचारत होती. बाबा आईशी पहिलं वाक्य काय बोलले, हे तिला इतक्या वर्षांनी कळलं. “तुमच्या रेडिओत झुरळ निघालं,” असं ते वाक्य होतं.

शुक्रवारी भिंग पुसून झालं. पाचवी सीडीही परत आली.

त्याच संध्याकाळी परगावाहून धाकट्या भावाचा फोन आला. तो तापलेलाच होता. बाबा घाबरलेत, सीडीचं नुसतं निमित्त आहे, आणि तू त्यांच्या तालावर नाचतेस, असं त्याने एका दमात सुनावलं. शेवटी त्याचाच आवाज भरून आला. “ताई, हाताला धरून घेऊन जा त्यांना. दिवस हातचे चाललेत.”

“फक्त कोरी सीडी बदलायची राहिलीय,” थोरली म्हणाली आणि फोन ठेवला.

शनिवारी तिने चांगल्यातली सीडी आणली. अर्धा तास झाला, सीडी बाहेर आली. ती उठणार, तोच बाबांनी किल्ली उचलली.

“तू बस. आज मीच लावून बघतो.”

खिडकीतून खाली उभी गाडी दिसत होती. आतला दिवा लागला. बाबा एकटेच पुढच्या सीटवर बसून होते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग दिवा विझला आणि जिन्यावर त्यांची सावकाश पावलं वाजली.

“लागली,” दारातूनच ते म्हणाले.

आई हातातलं काम टाकून बाहेर आली. काय लागली, नीट सांगा, असं तिने दोनदा विचारलं.

“लागली म्हणतो ना. शब्द न् शब्द स्वच्छ. खोट त्या कोऱ्या सीडीतच होती.” आई तोंडाला पदर लावून रडू लागली आणि रडतारडताच धाकट्याला फोन लावायला धावली. बाबांनी थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. “फार दमलीस गं. आता पुरे. सोमवारी आपण जाऊ.”

थोरलीने मान हलवली, पण तिला त्यांच्याकडे बघवेना. पहिल्या पाच वेळांप्रमाणे आजही तिने ती शेवटची चौकट जाणूनबुजून रिकामी सोडली होती. ती सीडी गाडीत लागणं शक्यच नव्हतं.