रकाना नसलेलं दुखणं

कारखान्याच्या तपासणीचा फॉर्म ज्याने कुणी छापला, त्याला म्हातारपण ठाऊक नव्हतं, नाहीतर तो पक्का चोर होता. रक्तातल्या चरबीला त्यात चार रकाने. लघवीला एकही नाही.

क्रेनवाल्या काकांनी गेल्या महिन्यात तपासणीत डॉक्टरांना लाज सोडून सांगितलं होतं. धार तुटते, तासातासाला जावं लागतं, आणि केबिनमधून उतरायला ब्याऐंशी पायऱ्या. डॉक्टरांची नजर चरबीच्या आकड्यांवर. तेल कमी करा, रोज चाला, म्हणाले. चरबी वाढलेल्या म्हाताऱ्यांत लघवीची वाट दाबणारी प्रोस्टेटची गाठही वाढलेली सापडते, असं लेकीनं कुठंतरी वाचलं होतं. खरं का ते, काकांनी भीत भीत विचारलं.

"काका, तुम्ही क्रेन चालवा. डॉक्टरकी आमच्याकडे राहू द्या," म्हणत डॉक्टरांनी 'फिट'चा शिक्का उठवला.

मग काकांनी आपलं शहाणपण चालवलं. कामाची पाळी असली की सकाळपासून पाणी बंद. त्यात सर्दी झाली, म्हणून दुकानातून गोळ्या आणल्या. आज एकदम दोन घेतल्या. या गोळ्यांनी लघवी अडू शकते, हे पाकिटावरच्या बारीक अक्षरांत होतं; ते वाचलं कुणी?

आता दुपारचे अडीच. हुकाला वितळलेल्या लोखंडाची बादली, खाली साच्याजवळ सहा माणसं, आणि काकांचं ओटीपोट दगड झालेलं. बादली उचलण्याआधी तीनदा संडासात जाऊन आले होते. थेंब नाही. थांबत नाही म्हणून दोन वर्षं कुरकुरलेला माणूस आता येत नाही म्हणून कण्हत होता.

वॉकीटॉकीवर सुपरवायझर म्हणाला, साचा ओला निघालाय, ओतलं तर लोखंड उडेल, अर्धा तास धरून ठेवा. काकांनी उतरायचंय म्हटलं.

"परत? काका, तो नळ बदलून घ्या एकदाचा," तो हसला. "रिपोर्ट तर फिट आहे तुमचा."

कळ आली तसे डोळ्यांपुढे काजवे चमकले. लिव्हरवरच्या हाताला झटका बसला, अन् बादली हातभर खाली आली. लोखंड काठाला हेलकावलं. खालची माणसं वर बघत जागीच उभी राहिली.

बत्तीस वर्षांत काकांनी वरून कधी आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही. बटण दाबून ते म्हणाले,

"हात माझाच आहे, पण तो आता माझं ऐकत नाही. खालची सहा माणसं हलवतोस का नाही, ते बोल."